हाताला काही लागत नाही

४ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. ‘पिकअपचं स्टीअरिंग थरथरतं, तू एवढी शिकलीस तर सांग काय झालंय’ एवढ्यावर काही सांगता येत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखं आहे ते. म्हणून आधी पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहा.

कोणत्या वेगाला सुरू होतं? सपाट रस्त्यावर आपोआप होतं, की चाक खड्ड्यात आपटल्यावर? ब्रेक लावला की वाढतं का? आणि मुख्य म्हणजे थरथर हातात येते की बुडाखाली? हातात आली तर बिघाड पुढे, सीटमधून आली तर मागे. हे तुम्हीच मला शिकवलेलं आहे, पण तुमच्या पत्रात नेमकं तेच नव्हतं.

मी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुम्ही उचललात, ‘गाडी अजून झाली नाही, परवा या’ असं ओरडलात आणि ठेवून दिलात. मी मामीला द्या म्हणत होते. असो. पत्रच बरं.

इकडे ठीक आहे. प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं आहे. गाडी त्यावर उभी करायची आणि हवा तो रस्ता तिच्या चाकांखाली तयार करायचा. गाडी जागची हलत नाही, पण तिला वाटतं आपण खडीवरून धावतोय. कुठला भाग किती हलतो, ते सेन्सर सांगतात. काम भरपूर आहे.

मामीला नमस्कार.

तुमची भाची


१३ फेब्रुवारी

इंजिनीअरीणबाई,

तुझं पत्र वाचून तुझी मामी म्हणाली, ‘ही पोरगी पत्र लिहिते की समन्स बजावते?’ मी म्हटलं, आईवर गेलीय. माझी बहीणसुद्धा लहानपणी आधी चार प्रश्न विचारायची आणि मग कान पिळायची.

फोनचं म्हणशील, तर जन्मभर पत्र्यावर हातोडे मारून मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू बोलत नाहीस. तेव्हा पत्रच.

घे उत्तरं. साठपर्यंत गाडी म्हणजे गरीब गाय. साठच्या वर खड्डा लागला की अंगात येतं. पन्नासच्या खाली आणली की पुन्हा गाय. ब्रेकचा काही संबंध नाही. हातात की बुडाखाली, तर आरसा असा नाचतो की मागच्या एका ट्रकचे दोन दिसतात, आणि मामीची चष्म्याची डबी डॅशबोर्डवरून थेट तिच्या मांडीत उडी घेते. यावरून काय ते समज.

एवढी घाई कशाला, ते आधी लिहिलं नव्हतं. तू ‘नको’ म्हणाली असतीस. आता लिहितो. तुला जाऊन चार वर्षं झाली. सुट्टी मिळत नाही म्हणतेस, खरंच मिळत नसेल. म्हणून आम्ही दोघंच येतो. याच पिकअपने. मामीला बस लागते आणि मला बसमध्ये दुसऱ्याने चालवलेलं बघवत नाही. उन्हाळ्यात आठ दिवस गॅरेजला कुलूप. तुझ्या आईचं शिवणयंत्र आणि तुझं ते लोखंडी कपाट मागे टाकून आणतो. तू गेलीस तेव्हा एक पिशवी घेऊन गेलीस. सासुरवाडीहून रुसून निघालेल्या जावयासारखी. ते काही मला बरं दिसलं नाही.

गाडी माझ्यासारखी आहे, जुनी पण सरळ. एवढी थरथर काढून दे.

येऊ ना? तेवढं नक्की लिही.

मामा


२१ फेब्रुवारी

मामा,

खड्ड्यानंतर सुरू होतं आणि वेग उतरवल्यावर थांबतं, म्हणजे पुढच्या बाजूच्या एखाद्या सांध्यात ढील असण्याची शक्यता जास्त. चाकाला डगमगायला जागा मिळाली आहे, खड्डा नुसतं निमित्त.

तरी आधी सोपं ते करू. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. बॅलन्सिंग करून घ्या. टायरला कुठे फुगवटा आला आहे का, तेही बघा. एवढ्यावर थरथर गेली तर प्रश्न मिटला.

नाही गेली तर दोन माणसांची तपासणी करा. गाडी जमिनीवरच उभी ठेवायची. इंजिन चालू ठेवा, नाहीतर पॉवर स्टीअरिंग जड होईल आणि मामीला फिरवता येणार नाही. मामी केबिनमध्ये बसून स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करेल. तुम्ही खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. मला शिकवलंत तसाच, डोळे मिटून. ‘डोळा गाडीवाल्याच्या बाजूने बोलतो, हात खरं बोलतो,’ असं म्हणायचात.

मामीला खुणा सांगून ठेवा. चेसिसवर पाना एकदा वाजला की डावीकडे, दोनदा वाजला की उजवीकडे, सारखा वाजत राहिला की थांब. मी केबिनमध्ये बसायचे तेव्हा माझे पाय खाली पोचत नव्हते, पण मी खुणा चुकत नव्हते. मामी चुकेल.

आमच्याकडे ढील मोजायला घड्याळासारखं उपकरण असतं, केसाएवढी हालचालही दाखवतं. तुमच्याकडे ते नाही आणि लागणारही नाही. तुमच्या हाताने ‘आहे’ म्हटलं की आहे, ‘नाही’ म्हटलं की नाही.

येण्याचं नंतर बघू. आधी गाडी.

भाची


९ मार्च

बाईसाहेब,

चाकं बदलली. बॅलन्सिंग केलं. टायर गुळगुळीत आहेत पण फुगलेले नाहीत. साठच्या वर अंगात येणं चालूच.

मग तुझ्या हुकुमाप्रमाणे दोन माणसांची तपासणी. दोन माणसं म्हणजे एक मी आणि एक तुझी मामी, म्हणजे दीडच धर. मी एकदा वाजवलं, बाईंनी उजवीकडे फिरवलं. दोनदा वाजवलं, वायपर सुरू झाले. सारखं वाजवलं तर हॉर्न. समोरचा टेलर दुकान सोडून बघायला आला.

पण तपासणी चोख केली. पडल्या पडल्या डोळे मिटून दोन्ही बाजूंचे टायरॉडचे सांधे, मधला दांडा, स्टीअरिंग बॉक्सचा हात, सगळ्यांवर एकेक करून हात ठेवला. सगळं घट्ट. हाताला काही लागत नाही. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, म्हातारी अजून खमकी आहे.

मग थरथर येते कुठून, ते आता तू सांग.

माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नंतर बघू’ नसतं. ‘या’ किंवा ‘नको’ असतं.

मामा

(कडेला, मामीच्या अक्षरात)

बाळ, खरं तर वायपर ह्यांच्या ओरडण्यामुळे लागले. दुसरं म्हणजे, गाडीखाली झोपले होते तेव्हा ह्यांचा पाय सायलेन्सरला टेकला. बरंच भाजलंय, घोट्यापासून खाली चामडी गेली. बाहेर आले तेव्हा मीच दाखवलं. पण हे म्हणतात, अजिबात दुखत नाही. मलम लावलंय. तू काळजी करू नकोस. जेवतेस ना वेळेवर?


१७ मार्च

मामा,

टायरॉडचे सांधे मी यादीतून काढले.

आता खालचे बॉल जॉइंट बघा. चाकाचं वजन त्यांच्यावर असतं, त्यामुळे गाडी जमिनीवर असताना त्यांची ढील कळत नाही. जॅक चेसिसखाली लावू नका, चाकामागच्या खालच्या आर्मखाली लावा. चाक थोडंसंच उचला. मामी टायरखाली पहार घालून चाक वर ढकलेल, तेव्हा तुम्ही बॉल जॉइंटवर हात ठेवा. दोन्ही बाजूंना करा. मग चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर मामीला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. शेवटी अलाइनमेंट तपासून घ्या.

हे सगळं तुम्हाला येतं, माहीत आहे. मी फक्त क्रम लिहिते आहे.

मामी, पायाचं वाचलं. दुखत नाही हे बरं झालं. म्हणजे वरवरचंच असणार. जखम कोरडी ठेवा.

मी वेळेवर जेवते.

भाची


५ एप्रिल

पोरी,

जॅक कुठे लावायचा हे मला शिकवतेस? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी आर्मखाली जॅक लावतोय. पण लावला. आजीला चूल शिकव म्हटलं तर आजी शिकते, तसं.

मामीने पहार उचलली. हौसेने उचलली, मागच्या वेळचं उट्टं काढलं. मी डोळे मिटून बॉल जॉइंटवर हात ठेवला, आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. खडकासारखे. चाक हलवलं, तेही नाही. अलाइनमेंटवाल्याने यंत्रावर घेतली, म्हणाला किंचित फरक होता, काढला. वर म्हणाला स्टीअरिंग बॉक्स असेल. म्हणून बॉक्स उतरवला, खोलला, धुतला, बसवला. आत सगळं नव्यासारखं. जोडायला मात्र दुप्पट वेळ लागला. हल्ली नट बोटांतून निसटतात, ग्रीस फार पातळ यायला लागलंय. आताशा मी नट बघून लावतो. पूर्वी हाताने लावायचो आणि गप्पा मारायचो.

थरथर आहे तशी आहे. एवढं सगळं घट्ट असून गाडी हलते, याला मी काय म्हणू? वय म्हणतो.

तर आता असं ठरवलंय. ती नीट होवो न होवो, आम्ही वीस तारखेला निघतो. पन्नासच्या वर नेणार नाही. दोन दिवस लागतील तिथे तीन लागतील. पाय अजून ओला आहे पण दुखायचं नाव नाही, तेव्हा क्लच दाबायला अडचण नाही. कपाट रंगवून ठेवलंय.

तू अजून ‘या’ म्हणालेली नाहीस. म्हणालीस असं मी धरून चाललोय.

मामा


१४ एप्रिल

मामी,

हे पत्र तुझ्या नावाने, जलद टपालाने पाठवते आहे. सकाळपासून फोन लावते आहे. मामाच उचलतात, गाडी तयार नाही म्हणतात आणि ठेवतात. शेवटी तुमच्या समोरच्या टेलरचा नंबर कोणाकडून तरी मिळवायचा प्रयत्न केला, मिळाला नाही. हे पत्र मिळेल तेव्हा तू आहेस तिथे बसून पूर्ण वाच.

वीस तारखेला निघू नका. मामा रागावले तर गाडीची किल्ली लपव.

काल प्रयोगशाळेत एका गाडीचा सेन्सर सपाट रेघ दाखवत होता. गाडी डोळ्यांना हलताना दिसत होती आणि कागदावर कंपन शून्य. असे निकाल आले की आम्ही गाडी तपासत नाही. आधी सेन्सर तपासतो. मेलेला सेन्सर नेहमी ‘सगळं ठीक’ असंच सांगतो. मी त्याची वायर बदलायला हात पुढे केला आणि तिथेच थांबले.

खोलीवर येऊन मामांची सगळी पत्रं काढली. थरथर हातात येते का, असं मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं. त्यांनी आरसा लिहिला, चष्म्याची डबी लिहिली. डोळ्यांना दिसलेलं सगळं लिहिलं. हातात काय आलं ते एकाही पत्रात नाही. नट निसटतात. बघून लावावे लागतात. पाय सायलेन्सरवर भाजला आणि तो तू दाखवल्यावर कळला.

मामी, एवढं भाजलं की दुखतं. दुखायलाच हवं. दुखत नाही हे बरं नाही. मी बरं म्हटलं होतं, ते चूक होतं.

आता दोन गोष्टी कर. आजच.

मामांना डोळे मिटायला सांग. कापसाचा बोळा पायाच्या बोटांना, तळव्याला आणि मग हाताच्या बोटांना हलकेच लाव. लागलं की सांगा, म्हणावं. काय म्हणतात ते बघ. मग पायाची पट्टी उघडून उजेडात नीट बघ. रंग काळपट असेल किंवा वास येत असेल तर त्याच पावली दवाखाना. त्यांचं ऐकू नकोस.

दुसरं, पहारीची तपासणी पुन्हा करा, पण जागा बदला. पहार मामा उचलतील, बॉल जॉइंटवर हात तू ठेव. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायला विसरू नकोस. डोळे उघडे ठेव. आमचा डोळे मिटायचा नियम या वेळी आम्हाला नडला आहे. डोळे उघडे असते तर त्यांना ते हलणं दिसलं असतं.

आधी पाय. गाडी नंतर.

तुझी


२२ एप्रिल

बाळ,

दवाखान्यातून लिहिते आहे. हे झोपलेत.

तुझं पत्र आलं तेव्हा हे गाडीवर ताडपत्री बांधत होते. मी आधी पायाचं करायला गेले तर म्हणाले, ‘पोरीने एवढं लिहिलंय तर आधी गाडी बघू.’ हट्टच. म्हणून पहार ह्यांच्या हातात दिली आणि मी खाली वाकून डाव्या चाकाच्या त्या सांध्यावर हात ठेवला. त्यांनी पहार उचलली आणि बाई गं, माझ्या बोटांखाली तो सांधा कटकन वर आला आणि खाली गेला. तुझे दुधाचे दात पडायला आले की मी बोटाने हलवून बघायची ना, अगदी तस्सा. गाडीतलं काही न कळणाऱ्या मला कळलं. मी म्हटलं, हलतोय की! तर म्हणाले, तुला भास होतोय. मग स्वतः बघायला वाकले. डोळे उघडे ठेवून. मी पहार उचलली. त्यांना दिसलं. कितीतरी वेळ ते नुसते त्या सांध्याकडे बघत होते. मग आपल्या हाताकडे. हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच बसले.

नंतर मी त्यांना ओट्यावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कापूस घेतला. पायाच्या अंगठ्याला लावला, बोटांना लावला, तळव्याला लावला. मग हातांच्या बोटांना. हे डोळे मिटून बसलेले. म्हणाले, ‘अगं लाव की लवकर, चहा गार होतोय.’

माझं सगळं लावून झालं होतं.

पट्टी उघडली. काय दिसलं ते लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले साखर आहे, आजची नाही, कैक वर्षांची. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी तपासून घ्या म्हटलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते, मी मुळात गोड माणूस आहे, साखर निघणारच. आम्ही सगळे हसलो होतो. तीन बोटं काढली. बाकीचा पाय राहील का ते बघू म्हणतात.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी रोज पट्टी बांधत होते. मी पण दुखत नाही हेच धरून चालले होते.

मामी


२५ एप्रिल

मामा,

रजा टाकली आहे. शनिवारी पोचते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे नवीन बॉल जॉइंट घेतले आहेत, तुमच्या गाडीच्या मापाचे. एक बदलला की दुसराही बदलावा. तो काढायचा पुलर तुमच्या मागच्या कपाटात खालच्या खणात असेल, हलवला नसेल तर.

एक गोष्ट समोर बोलता येणार नाही म्हणून लिहिते. इंजिन चालू ठेवून तपासा, असं मीच लिहिलं होतं. सायलेन्सर त्यामुळे तापला होता. तुमच्या पायाला कळणार नाही हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेण्याएवढं सगळं त्या पत्रांमध्ये होतं. गाडीबद्दल ‘हाताला काही लागत नाही’ आलं, पायाबद्दल ‘दुखत नाही’ आलं. दोन्ही मी चांगली बातमी म्हणून घेतली. दोन्हीच्या मागे एकच कारण होतं.

यावर तुम्ही काही लिहू नका. शनिवारी यावर बोलूही नका. मला जेवायला वाढा आणि गाडीची किल्ली द्या.

भाची


११ जुलै

पोरी,

अक्षर वाकडं आहे, वाच. पेन बोटांत आहे की नाही हे बघत बघत लिहावं लागतं, मग ओळीकडे लक्ष राहत नाही.

तू गेल्यावर पंधरवडा बरा गेला. मग जखम वर चढायला लागली. गुडघ्याच्या खालून काढला. मामीने तुला कळवलंच. तू पुन्हा यायला निघाली होतीस, मीच नको म्हटलं. डॉक्टरचं काम डॉक्टरने करावं. तिथे तुझा पुलर चालत नाही.

तू म्हणाली होतीस काही लिहू नका. मोठ्या माणसाला गप्प बसवायची ही तुझी सवय जुनी आहे. पण एक लिहितो आणि विषय संपवतो. मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं. हातात की बुडाखाली, असं तू विचारलंस तेव्हा मी खरंच विचार केला. हातात काही येत नव्हतं, म्हणून दिसलं ते लिहिलं. मला वाटलं वयाने हात जरा जाड झालेत. आणि सांधे घट्ट लागले तेव्हा आनंद झाला होता गं. वाटलं, म्हातारी आपल्यासारखीच टिकली. माणसाला आपला हात खोटा बोलेल असं कसं वाटावं? बायको बोलेल, गिऱ्हाईक बोलेल. हात?

गॅरेज बंद नाही केलं. उघडतो, बसतो. कोणी गाडी घेऊन आला की ऐकून घेतो आणि दुसरीकडे पाठवतो. टेलर दुपारी येऊन बसतो. त्याला म्हटलं, सुई टोचली तर देवाचे आभार मान.

आता मजेचं. तुझी मामी गाडी शिकतेय. याच पिकअपवर, मागच्या मैदानात. मी शेजारी बसतो, कुबडी दोन सीटच्या मध्ये. क्लच सोडताना ती गाडीला अशी उडी मारायला लावते की माझं उरलेलं अंगही जाईल. मी ओरडतो, ती म्हणते, ‘तुम्हाला नाहीतरी ऐकू येत नाही, मग मी कशाला ऐकू?’ परवा तिने साठच्या वर नेली. मुद्दाम खड्ड्यात घातली. मी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवले, सवयीने. विचारलं, थरथरतं का? म्हणाली, नाही. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, नाही म्हटलं ना. आरसा बघितला, मागचा ट्रक एकच होता.

तुला एक सांगायचं राहिलं. नवीन सांधे बसवून झाल्यावर तू मला केबिनमध्ये बसवलंस आणि स्वतः खाली गेलीस. तू पाना वाजवलास. मला ऐकू आलं नाही, आणि चेसिसमधून पायाला कळायचं, तेही कळलं नाही. तू बराच वेळ वाजवत असणार. मी स्टीअरिंग धरून मुकाट बसलो होतो, शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरासारखा. मग चाकाजवळून तुझा हात बाहेर आला. नुसता हात. कोपरापर्यंत काळा, नखांत ग्रीस, डावीकडे बोट केलेला. मी डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे बोट. मी उजवीकडे.

क्षणभर वाटलं, तो माझाच हात आहे.

मामा


२ ऑगस्ट

मामा,

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं.

मामीने साठच्या वर नेली हे ठीक, पण सत्तरलाही नेऊन बघा, गाडीत वजन टाकून. नवीन सांध्यांचे नट हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. तुम्ही आवळू नका, टेलरला सांगा. त्याला शिलाईतला ताण कळतो, हा पण कळेल. मी सोबत कागदावर किती आवळायचं ते लिहून दिलं आहे.

आमच्या आवाराचं फाटक मी मोजलं. पिकअप आरसे मिटून आत येते. मामीला आरसे मिटायची सवय करायला लावा. आत वळायला जागा आहे.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद आहे. घरमालकीणबाईंशी बोलले. तळमजल्यावरची मागची खोली रिकामी आहे, ती महिनाभर द्यायला तयार आहेत. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा नव्हता. तो मी काल बसवला. ओढून पाहिला. हलत नाही.

कपाट आणा. आईचं यंत्रही आणा. यंत्राला वाटेत हादरे बसतील, खाली जुनी गोधडी घाला.

या.

गाडी मामी चालवेल, तुम्ही शेजारी बसा. दर दोन तासांनी थांबा आणि पाय मामीला बघू द्या, उरलेला. तुम्हाला काही वाटत नसलं तरी. वाटेत कुठे थरथरलं तर मामी सांगेल. नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका. तिचं खरं धरा.

भाची